शिक्क्याची गादी

शिक्क्याची पेटी माझ्या झोळीत असते.
अकरा वर्षांत तीन सरपंच झाले,
गादी एकच, जांभळ्या शाईची.
वाळली की मी दोन थेंब सोडतो.

रत्नकलाबाई उईके निवडून आल्या
आणि शाईची बाटली महिन्याला एक लागू लागली.
रहिवासी दाखला, हयातीचा दाखला,
बकरी मेल्याचा दाखला.
मोटारसायकलच्या मागच्या सीटवर
मांडीवर कागद ठेवून सही.
एक फोन कानाला, दुसरा कमरेला खोचलेला.
सकाळी तालुक्याला आढावा बैठक,
ती रद्द झाली
हे तिथं पोचल्यावर कळायचं.

मग दिवाळी सरली, मंडईचे दिवस आले.
आमच्या झाडीत गावोगाव दंडार, रात्रभर नाटक,
आणि पत्रिकेवर नावांची रांग :
उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक,
खाली चौकटीत विशेष उपस्थिती.
एका रात्री बाईंनी पाच गावांत पाच फिती कापल्या.
सहाव्या गावी फीत आधीच कापून झाली होती,
तर पोरांनी गाठ मारून पुन्हा ताणली.

परतताना पहाटे तलावाच्या पारीवर चाक बसलं.
मी टायर खोलत होतो.
बाई नुसत्या उभ्या.
कुठंतरी पाणी वाहत होतं.
दिवसा तो आवाज येत नाही,
दिवसा आपणच बोलत असतो.

झाडूजी नान्हे खांद्यावर जाळं घेऊन आला.
"तुडूम गळते ना जी बाई, पानी सोडाचं दार.
चार सालं झाली.
माघात तलाव कोरडा, मंग मासा कायचा न् धान कायचा?"
"मले सांगतलं काऊन नाही?"
"आलतो ना. तीनदा आलतो.
तुमी उद्घाटनाले गेल्या होत्या."
त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.
असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोन तांदळाच्या डब्यात गेले.
"तानबा, सोमवारी दाखले.
बाकी दिवस मी पारीवर.
कोनी इचारलं तर सांग, सरपंच कामावर हाये."

काम म्हणजे काय, तर बाई दगडावर बसून.
धिवरांची पोरं बुडी मारायची, वर यायची,
बाई तेवढंच विचारायच्या : किती खोल? लाकूड का दगड?
येणारे-जाणारे म्हणाले, रिकामी बसली बघा.
एक दिवस त्या पाटबंधाऱ्याच्या साहेबाच्या दारात
अशाच बसल्या, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.
माझ्या झोळीतली अर्जांची पोचपावती
चौदा वेळा जे करू शकली नाही
ते त्या बसण्यानं केलं.

फुकट काही झालं नाही.
नखाते ग्रामसेवकानं आढाव्याच्या दोन गैरहजेऱ्या दाखवल्या.
शेजारच्या मंडईवाल्यांनी पत्रिकेवरचं नाव
निळ्या पेनानं खोडलं.
मावसदिराच्या तेरवीला बाई गेल्या नाहीत;
ते घर अजून बोलत नाही,
आणि तिथली चार मतं मला माहीत आहेत.
रात्री बाईंना झोप लागत नसे, म्हणत,
डब्यात फोन वाजल्यासारखा वाटतो.

एकोणीस दिवस. लाकडी दट्ट्या, चिकणमाती,
वरून साहेबाचं थोडं सिमेंट.

आता माघ लागला.
पाणी धुण्याच्या तिसऱ्या पायरीला आहे.
खालच्या बांध्यांत कोणी पऱ्हे टाकले,
कोणी अजून पाहू म्हणतात.

काल झाडूजी आला, हयातीचा दाखला पाहिजे.
शिक्का मारला तर अर्धाच उमटला.
गादी वाळलेली.
मी बाटली शोधू लागलो, ती कधी संपली
मलाच आठवेना.
"राहू द्या जी," तो म्हणाला,
"अर्धा तं जित्ता दिसून रायलो."
बाई हसल्या, कागद त्याच्या ओल्या हातात दिला.
माझ्या टेबलाला
अजून माशाचा वास येतो.